खूश रंगाऱ्याची कोरी भिंत

मूड म्हणजे काय वस्तू आहे, हे बदावीला पक्कं ठाऊक होतं. उसाच्या रसाचं दुकान चालवणाऱ्या माणसाला जगात न कळण्यासारखं फारसं काही उरतच नाही!

"घाण्यात ऊस घातला की रस येतो," तो म्हणाला, "माणसात आनंद घातला की चित्र येतं. त्यात काय!"

चित्र यायचं होतं ते त्याच्या घराच्या दर्शनी भिंतीवर. बदावीची आई सत्तूता हजला गेली होती, आणि एस्ना शहराजवळच्या त्यांच्या गावात हाजी परतायच्या आत घराची भिंत रंगलेली लागते. काबा लागतो, जहाज लागतं, विमान लागतं, उंट लागतो. सत्तूता गेली होती विमानाने. उंटावर ती जन्मात बसली नव्हती. पण उंटाशिवाय हज झाली म्हणून सांगितलं, तर गावात विश्वास कोण ठेवणार? निघताना गाडीत एक पाय ठेवून, सगळ्या आयाबायांच्या देखत तिने बजावलं होतं, "बदावी, मी आयुष्यभर दुसऱ्यांच्याच भिंती बघत आले. माझी भिंत कोरी दिसली, तर उंबरा ओलांडणार नाही. अशीच माघारी मक्केला जाईन!"

आणि ती बोलल्याप्रमाणे करणारी बाई. बदावीच्या लग्नात भाकरी कच्ची निघाली, तर नवरदेवाची आई असून उपाशी उठली होती!

पंचक्रोशीत भिंती रंगवणारा एकच, इद्रीसकाका. हात सोन्याचा. अडचण एवढीच, की काका रंग पाण्यात कालवत नसत, मूडमध्ये कालवत. ज्या वर्षी त्यांची दाढ दुखत होती, त्या वर्षीच्या भिंतीवरचे झाडून सगळे यात्रेकरू एका गालाने सुजलेले आहेत. बायको रुसून माहेरी गेली, तेव्हाच्या विमानात खिडकीखिडकीतून प्रवासी डोळे पुसताहेत. आणि शेजारच्या हाजी दियाबची भिंत रंगवायच्या दिवशी सकाळीच काकांना नातू झाला, म्हणून दियाबच्या दारावरचा सिंह असा हसतोय, की चोरालाही 'या, बसा' म्हणेल.

"काकांना खूश ठेवायचं!" बदावीने जाहीर केलं. "दियाबचा सिंह हसतो ना? आपला उंट नाचेल!"

"आधी काका शिडीवर चढतात का ते बघा," त्याची बायको नजात पीठ मळता मळता म्हणाली.

"तू कबुतरं भर. कलेतलं तुला कळत नाही."

पहिल्या दिवशी काकांना हिरव्या गव्हाचं सारण भरलेली कबुतरं वाढली. काकांनी हाडंसुद्धा चोखून चोखून गोरी केली. मग लाल अंबाडीचं गार सरबत प्यायले, बाजेवर आडवे झाले आणि म्हणाले, "वा! असा आनंद कैक वर्षांत झाला नव्हता." पुढचं वाक्य घोरण्यात होतं.

दुसऱ्या दिवशी बदावीने रबाबवाला बोलावला. काका इतके रंगात आले, की कुंचला बाजूला ठेवून त्यांनी काठी उचलली आणि अंगणात काठीनाच सुरू केला. गंमत एकट्याने कशी करायची, म्हणून त्यांचे दोन मित्र आले. मित्रांना भूक होतीच.

तिसऱ्या दिवशी काकवीत बुडवलेल्या पोळ्या आणि काकांच्या साखरपुड्याची गोष्ट. ती दुपारपर्यंत साखरपुड्यापाशी पोचलीसुद्धा नव्हती.

"काका, भिंत..." बदावीने हळूच सुचवलं.

"अरे, चित्र दिसतंय मला! डोळ्यांसमोर उभं आहे!"

"मग भिंतीवर उभं करा ना!"

"घाई करू नको. दिसतंय तोवर बघू दे."

नजातने नवऱ्यापुढे परात आपटली. "अहो सालेमचे बाबा, सावलीतली बाज सोडून माणूस उन्हात शिडीवर चढायचा, तर त्याला थोडं तरी दुःख नको का? तुम्ही तेवढंही शिल्लक ठेवलं नाहीत!"

तेवढ्यात दारात बायकांचा घोळका आला. डोक्यावर साखरेची ताटं, तोंडाने हर्षाच्या किलकाऱ्या. रबाब वाजतोय, काठ्या फिरताहेत, घमघमाट सुटलाय, म्हणजे हाज्जा सत्तूता आली! दुसरा अर्थ कोण काढणार?

"हाज्जा कुठाय? हातावर ओठ टेकवू दे!"

"अजून मक्केतच आहे," नजात म्हणाली.

"मग हा जल्लोष कसला?"

"रंगाऱ्याला रंगवतोय आम्ही."

बायका ताटं घेऊन परत गेल्या, पण बातमी परत कशी जाणार? ती पुढेच गेली. कोणीतरी थेट मक्केला फोन लावला, 'तुमच्या माघारी तुमच्याच घरी काय धमाल चाललीय!' आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बदावीचा फोन वाजला.

"माझ्याशिवाय माझं स्वागत उरकलंत म्हणे!" पलीकडून आईचा आवाज. "गटप्रमुखाचं डोकं खाऊन आधीच्या विमानात बसले. लक्सरला उतरलेय. दुपारच्या आगगाडीने येतेय, स्टेशनावर न्यायला ये. भिंत वाळलीय ना रे?"

बदावीने फोन खाली ठेवला. त्याने भिंतीकडे पाहिलं. भिंत एवढी पांढरीशुभ्र, की डोळे दिपावेत. बाजेवर काका मिशीवरची काकवी जिभेने टिपत होते.

"काका, आई आली!"

"अरे वा! आनंदात आनंद!" काकांनी कूस बदलली.

मग बदावीचा तोल गेला. इतके दिवस खाऊ घातलेली सगळी कबुतरं त्याच्या डोळ्यांपुढे फडफडली. "बरं झालं नाही रंगवलंत! तुमचा उंट म्हणजे तरी काय असतो? पाठीवर गोणी टाकलेलं गाढव!"

रबाब थांबला. काका उठून बसले. "काय म्हणालास? माझा उंट?"

"गाढव!"

"गाढव!" काका ताडकन उभे राहिले. "शिडी आण गं नजात! आणि ह्याला माझ्या नजरेसमोरून घालव! उंट दाखवतो मी ह्याला! असा उंट दाखवतो, की जन्मभर विसरणार नाही!"

बदावी पाय लावून पळाला तो थेट स्टेशनावर. मागे रंगाचे डबे आपटल्याचे आवाज येत होते.

दुपारी नजातचा फोन आला. "भिंत झाली. फार सुंदर झालीय. पण... तुम्ही जरा मागेच राहा."

"का?"

"हसू नको म्हटलं तरी येतंच हो!" असं म्हणून तिने फोनच ठेवला.

ढोल वाजवत मिरवणूक गल्लीत शिरली. पुढे पांढऱ्या वस्त्रांत सत्तूता, मागे बदावी, आणि भिंतीपुढे अख्खा गाव. काकांनी सुरुवात नेहमीप्रमाणे उजवीकडून, दारापासून केली होती. डाव्या टोकाचं विमान हसत होतं, खिडकीतून एक म्हातारी हात हलवत होती. मधल्या जहाजावरचे खलाशी गात असावेत, इतके खुशीत होते. काबा तर असा उतरला होता, की बघणाऱ्याचे हात आपोआप दुव्यासाठी उठावेत. कुंचला जसजसा पुढे सरकला, तसतसा काकांचा राग उतरत गेला होता, हे आंधळ्यालाही कळलं असतं. पण सुरुवात? सुरुवातीला, दाराशेजारी, माणसापेक्षा उंच असा उंट होता. लांब मान, लोंबता खालचा ओठ, अर्धवट मिटलेल्या पापण्या, नाकाशेजारी तीळ. उंटाला मिशा होत्या. आणि समोरच्या दातांत फट.

सगळ्यांनी उंटाकडे पाहिलं. मग बदावीकडे. मग पुन्हा उंटाकडे. आणि मग सत्तूताकडे, कारण उंबरा तिला ओलांडायचा होता.

बदावीने ओठ आवळून धरले, म्हणजे दातांतली फट तरी दिसू नये.

सत्तूता उंटाजवळ गेली. तिळावर बोट ठेवलं. उंटाच्या पाठीवर पांढऱ्या पदरातली एक म्हातारी ऐटीत बसली होती. तिच्याकडे बघता बघता सत्तूता एकदम डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसत सुटली.

"तुला घरी ठेवून गेले म्हणून तिथे रोज जीव तुटायचा रे माझा! आणि काकांनी बघ, तुझ्याच पाठीवर बसवून नेलं मला! दियाबच्या भिंतीवर आहे का असं? तिथे नुसतं जनावर आहे!"

असं म्हणून तिने दणक्यात उंबरा ओलांडला. किलकाऱ्यांनी गल्ली दुमदुमली.

गडबडीत बदावीने काकांना गाठलं. "काका, उपकार झाले. आता तेवढं तोंड बदला. निदान मिशा तरी!"

काका बाजेवर पसरले होते. शेजारी कबुतरांची नवी थाळी होती. "आत्ता? अरे, आत्ता मूड फार छान आहे," ते म्हणाले. "आत्ता कुठलं काम होणार!"

बदावी खाली मान घालून बाहेर आला, तर कोपऱ्यावर हाजी दियाब वाटच बघत होता. त्याने बदावीला भिंतीच्या आडोशाला ओढलं.

"माझी बहीण परवा हजहून येतेय. काकांना बोलावलंय, पण ते आमच्याकडेही खूशच राहतील रे! तू उद्या सकाळी येऊन दोन शब्द बोलशील का?"

"मी? आणि पुन्हा उंट माझ्याच तोंडाचा निघाला तर?"

"तो निघणारच," दियाब म्हणाला. "बहिणीला विचारून घेतलंय मी. तिची काही हरकत नाही."