सिमेंटकाकांचे शंभर दिवस

शंभराव्या दिवशी सकाळी केकमास्तरांना स्वतःच्याच अभिनंदनाच्या केकवर स्वतःचंच नाव क्रीमने लिहावं लागलं. तेही खरं नाव नव्हतं. ‘सिमेंटकाका, शंभर दिवस’ असा मजकूर होता. ‘सिमें’पर्यंत हात स्थिर होता. पुढे जरा घसरला.

शंभर दिवसांपूर्वी डॉक्टरांनी रक्ताचा रिपोर्ट त्यांच्यापुढे सरकवला होता. साखरेचं खाणार त्याला देव देणार, असं म्हणतात. देवानं काय दिलं ते त्या कागदावर छापलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, साखर बंद. मास्तर म्हणाले, मी बेकरीत केक करतो. डॉक्टर म्हणाले, करा की, खाऊ नका. हे म्हणजे आरशाशिवाय दाढी करण्यासारखं होतं. होते, पण कशी झाली ते समोरच्याला कळतं.

परगावी राहणाऱ्या मुलानं फोनवरूनच त्यांना ‘साखरेविना सुखी’ नावाच्या ऑनलाइन गटात घातलं. बारा माणसं, सगळी टोपणनावांची. गट चालवायचे हेडसर, म्हणजे एक निवृत्त मुख्याध्यापक. शाळा सुटली तरी नियम सुटले नव्हते. रोज रात्री हजेरी, घसरला त्याचे दिवस शून्य, आणि प्रत्येकाला एक जोडीदार, जो दिवसातून एकदा फोन करून विचारणार, की आज कितवा दिवस? चौथा नियम लाल अक्षरांत होता : साखरेशी संबंधित व्यवसायवाल्यांना प्रवेश नाही. पूर्वी चॉकलेटचा एक विक्रेता गटात आला होता आणि एका आठवड्यात नऊ जण घसरले होते.

अर्जात ‘व्यवसाय’ या रकान्यापाशी मास्तर अडले. खिडकीतून समोर एक इमारत बांधली जात होती. त्यांनी लिहिलं, पांढऱ्या सिमेंटचं गोदाम.

त्यानंतर मात्र ते एक अक्षरही खोटं बोलले नाहीत. फक्त साखरेच्या जागी सिमेंट म्हणत राहिले. ‘आज चाळीस किलो सिमेंट हाताखालून गेलं. फार मऊ असतं. ओठांवर उडून बसतं, आणि जीभ आपोआप बाहेर यायला बघते,’ असं त्यांनी नवव्या दिवशी गटावर लिहिलं. गट हादरला. हेडसरांनी तोंडाला रुमाल बांधायचा सल्ला दिला. एकानं लिहिलं, ‘काका, काहीही झालं तरी सिमेंट खाऊ नका.’

बेकरीत उलटी गंमत होती. साखर सोडल्याचं मास्तरांनी तिथे कुणालाच सांगितलं नव्हतं. मालकीणबाई रोज विचारायच्या, आजची चव कशी? आणि मास्तर न चाखता म्हणायचे, छान. गटात ते साखरेला हात न लावणारे सिमेंटवाले होते आणि बेकरीत चव घेणारे केकवाले. दोन्हीकडे इज्जत होती, दोन्हीकडे जीव टांगणीला होता. एकतिसाव्या दिवशी साखरेऐवजी मीठ पडलं, तेव्हा मालकीणबाईंनी तो केक गुपचूप फेकला आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, की मास्तरांना जरा बरं नाही. त्या दिवसापासून मास्तरांची पाठ वळली, की त्या भांड्यात बोट बुडवून बघू लागल्या. मास्तरांना हे माहीत नव्हतं.

खरं सांगायचं तर साखरेची ओढ मास्तरांनी कधीच जिंकली असती. पाक उकळताना येणारा तो बारीक फसफस आवाज, भट्टीतून ट्रे काढला की येणारा करपट गोड वास, हे सगळं त्यांनी दात आवळून सोसलं असतं. पण त्यांच्यामागे दुसरीच एक ओढ लागली होती. ती रोज दुपारी चारला वाजायची.

त्यांच्या जोडीदारीण बाईंचं टोपणनाव होतं कोरी कॉफी. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या एका लॅबमध्ये त्या काम करायच्या. चारला त्या प्लास्टरच्या पांढऱ्या भुकटीचा साचा ओतायच्या. तो घट्ट व्हायला सात मिनिटं लागायची, आणि ती सात मिनिटं त्या सिमेंटकाकांना द्यायच्या. मास्तर पावणेचारपासून मागच्या अंगणात, रिकाम्या पिंपावर बसून फोनकडे बघत असायचे. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. सहा वर्षांत ‘आज कितवा दिवस?’ सोडा, ‘आज कोणता वार?’ असंही त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्या म्हणायच्या, आपलं दोघांचं पांढऱ्या भुकटीतच आयुष्य चाललंय. मास्तर म्हणायचे, हो ना. एकदा त्या म्हणाल्या, “मला साखर अशी नाही आठवत हो. बशीत शेवटी एक चिकट कड उरते ना, बोटानं निपटून घ्यायची? ती आठवते.” साचा घट्ट झाला आणि फोन बंद झाला. त्या आधी तीनदा घसरल्या होत्या. आता दोन महिने टिकल्या होत्या आणि म्हणायच्या, की हे काकांमुळे. काकांचं खरं काय ते कळलं असतं, तर चौथा नियम लागून काका बाहेर, आणि चारचा फोन बंद. एवढी साधी गोष्ट होती. मास्तरांना तिच्यामुळे झोप लागत नसे.

अठ्ठ्याण्णवाव्या दिवशी बेकरीचा फोन वाजला. मास्तरांनी उचलला. पलीकडे कोरी कॉफी होत्या.

मास्तरांनी तत्काळ आवाज घोगरा केला. इतका, की बाईंनी आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली. मग ऑर्डर दिली : दीड किलोचा केक, बिनसाखरेचा. गटाची पहिली प्रत्यक्ष भेट होती, वाचनालयाच्या सभागृहात, परवा पाच वाजता. त्यांच्या एका काकांचे शंभर दिवस भरत होते.

“नाव काय घालू?”

“सिमेंटकाका.”

“सिमेंट म्हणजे आपलं नेहमीचं?”

“नेहमीचंच. फार चांगला माणूस आहे हो. जरा जपून करा केक.”

मास्तरांनी घोगऱ्या आवाजातच बरं म्हटलं आणि फोन ठेवला. ऑर्डरच्या वहीत त्यांनी फक्त ‘केक, दीड किलो’ एवढंच लिहिलं. बिनसाखरेचा लिहिलं असतं, तर मालकीणबाईंनी पन्नास प्रश्न विचारले असते.

नव्व्याण्णवाव्या दिवशी दुपारी ते केकला लागले. औषधांच्या दुकानातून बिनसाखरेच्या गोडीची पावडर आणली होती. डबीवर लिहिलं होतं, ‘अत्यंत गोड, बेतानं वापरा’. बेत किती, हे चाखल्याशिवाय कळणार कसं? त्यांनी घाबरत एक चिमूट टाकली. तेवढ्यात चार वाजले. मिश्रण तसंच ठेवून ते अंगणात पळाले.

सात मिनिटांनी परत आले तेव्हा मालकीणबाई ॲप्रनला हात पुसत उभ्या होत्या. म्हणाल्या, “काळजी करू नका मास्तर, मी बघितलंय.” मास्तरांना वाटलं, त्या भट्टीबद्दल बोलतायत. त्यांनी आभार मानले आणि मिश्रण साच्यात ओतलं. भाजल्यावर केकला असा काही सोनेरी रंग चढला, की मास्तर स्वतःवरच खूश झाले. रंग कसा काय चढला, असा प्रश्न तीस वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाला पडायला हवा होता. पण त्या दिवशी फोनवर कोरी कॉफी म्हणाल्या होत्या, ‘उद्या तुम्ही दिसाल कसे, याचाच विचार करतेय’. एवढं ऐकल्यावर अनुभव राहतो कुठे.

शंभराव्या दिवशी साडेचारला बाई केक न्यायला आल्या. मालकीणबाईंनी तो दिला. मास्तर मैद्याच्या पोत्यांमागे बसून होते. त्यांना फक्त राखाडी बूट आणि छत्रीचं टोक दिसलं. त्या गेल्यावर ते मागच्या दारानं निघाले आणि आडवाटेनं धावत वाचनालयात पोचले. गडबडीत एक राहून गेलं. भुवयांपासून बुटांपर्यंत ते मैद्यानं माखलेले होते.

“कामावरून थेट आलेले दिसता,” हेडसर आदरानं म्हणाले आणि त्यांच्या खांद्यावरचं सिमेंट झटकलं.

कोरी कॉफी टेबलापाशी बशा मांडत होत्या. चष्मा, पिकलेले आखूड केस, बोटांच्या पेरांत सुकलेला पांढरा साचा. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं आणि हसून म्हणाल्या, “आज कितवा दिवस?”

“शंभरावा,” मास्तर म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी वाटेत चार वेळा घोकलं होतं, ते मैद्याबरोबर उडून गेलं.

केक कापला गेला. पहिला घास सिमेंटकाकांना. त्यांनी तो तोंडात घातला आणि डोळे मिटले.

साखर होती. खरी, पांढरी, बारीक दळलेली. दोन मापं, मागाहून घातलेली, कारण तळाशी ती किंचित दाताखाली येत होती. शंभर दिवस जी स्वप्नात येत होती ती आता जिभेवर पसरत होती, आणि मास्तरांना एकाच वेळी रडू आलं आणि मालकीणबाईंचं ‘मी बघितलंय’ आठवलं.

त्यांनी डोळे उघडले. बारा माणसं आपापल्या घासासोबत एकटी होती. एक जण भिंतीकडे तोंड करून खात होता. कोरी कॉफींचे डोळे मिटलेले होते. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते पुसायला मास्तर शंभर काय हजार दिवस तयार झाले नसते.

“विज्ञान कुठल्या कुठे गेलंय,” हेडसर हळूच म्हणाले आणि त्यांनी दुसरा तुकडा घेतला.

आता गप्प बसावं, तर प्रश्नच नव्हता. सिमेंटवाल्याला साखरेतलं काय कळणार? सगळे आनंदात घरी गेले असते आणि उद्या चारला फोन वाजला असता. पण हेडसर जेवणाआधी मधुमेहाची गोळी घ्यायचे, हे सगळ्या गटाला माहीत होतं, आणि आता त्यांचा हात तिसऱ्या तुकड्याकडे चालला होता.

“सर, थांबा,” मास्तर म्हणाले. “यात साखर आहे.”

सगळे हसले. हेडसर म्हणाले, “काका, तुमच्या गोदामात तुमचं म्हणणं मान्य. इथे राहू द्या.”

“कडेचा रंग बघा. असा रंग साखरेशिवाय येत नाही. तळाला कचकच लागते ती बघा.” मग त्यांनी भुवईवरून बोट फिरवलं आणि सगळ्यांपुढे धरलं. “आणि हा मैदा आहे. हा केक मीच केलाय.”

मास्तरांनी सगळं सांगितलं. गोदाम नाही, पोती मैद्याची, आणि अठ्ठ्याण्णवाव्या दिवशीचा घोगरा आवाज कुणाचा तेही. हेडसरांनी तुकडा बशीत ठेवला आणि फार दुखावलेल्या स्वरात विचारलं, “मग माझ्या गच्चीच्या गिलाव्याला तुम्ही प्रमाण सांगितलं होतं, ते कसलं?”

“स्पंज केकचं, सर. तुम्ही फारच आग्रह केलात.”

“ओल्या फडक्यानं झाकून ठेवा म्हणालात.”

“पावाचं पीठ तसंच ठेवतो आम्ही. गच्ची गळते का?”

हेडसरांनी विचार केला. “नाही.”

“मग असू द्या.”

कोरी कॉफींनी बशी खाली ठेवली. “म्हणजे मी रोज फोन करायचे, तेव्हा तुम्ही...”

“बेकरीच्या मागच्या अंगणात.”

“आणि आत साखर होती.”

“चाळीस किलो. ते खरंच होतं.”

“आम्ही साखर घरात ठेवत नाही, तरी घसरतो,” त्या म्हणाल्या. “तुम्ही कोपरापर्यंत तिच्यात हात घालून शंभर दिवस काढलेत?”

“नव्व्याण्णव. शंभरावा आत्ता मोडला. तुमचेही मोडले माझ्यामुळे.” त्यांच्या एकसष्ट दिवसांचा आकडा मास्तरांना पाठ होता.

हेडसरांनी खिशातून नियमांचा कागद काढला. चौथ्या नियमानुसार काकांना काढावं लागणार होतं. मास्तरांनी मान खाली घातली. पण काढायचं तर मतदान, आणि मतदानाचा अधिकार सलग तीस दिवस पूर्ण केलेल्यांनाच. हेडसर कागद खालून वर वाचत गेले, मग वरून खाली. बाराच्या बारा जणांनी केक खाल्ला होता. सगळे शून्यावर होते. स्वतः हेडसर तर दोन तुकड्यांनिशी शून्यावर होते.

“पुढचे तीस दिवस,” ते खिन्नपणे म्हणाले, “या गटात कुणालाही काढायचा अधिकार कुणालाही नाही.”

“आणि शून्यावरच्या माणसाला पहिले एकवीस दिवस दोनदा फोन,” कोरी कॉफी म्हणाल्या. “सातवा नियम. म्हणजे आता सकाळीही करावा लागणार.” त्या मास्तरांकडे वळल्या. “किती वाजता उठता तुम्ही?”

“चारला. भट्टी पेटवायची असते.”

“पहाटे चारला?”

“चारलाच हवा असं काही नाही. तुम्ही सावकाश, आठपर्यंत...”

“मी चारलाच करीन,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी बशी पुन्हा उचलली, शून्य ते शून्यच, असं पुटपुटल्या आणि कडेला उरलेलं बोटानं निपटून घेतलं. मास्तरांनी दुसरीकडे पाहिलं. असं काही निमूट बघायला शंभर दिवसांचा संयमही पुरत नाही.

संध्याकाळी बेकरीत मालकीणबाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, आजची चव कशी?

“साखर दोन मापं जास्त होती,” मास्तर म्हणाले, आणि मग तिथेही सगळं सांगून टाकलं.

मालकीणबाईंनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “चाखायचं काम यापुढे मी उघडच करीन. चोरून करताना बोट भाजतं.”

दुसऱ्या दिवशी पहाटे फोन वाजला तेव्हा मास्तर अंगणातल्या पिंपावर आधीच येऊन बसले होते.

“सिमेंटकाका, आज कितवा दिवस?”

“पहिला.”

“माझापण,” त्या म्हणाल्या. त्या वेळी लॅब बंद होती, साचा ओतलेला नव्हता, आणि त्यामुळे काही घट्ट व्हायची वाट बघायची नव्हती.

त्या दिवशी बेकरी पाऊण तास उशिरा उघडली.