तावडेकाका आणि माझी एकशे अठ्ठ्याऐंशी

आमच्या चारकोपच्या सोसायटीत भाजीवाली आली की तिसऱ्या मजल्यावरचे तावडेकाका तिला हाक मारत नाहीत, पुकारतात. "सुमनताई भाजीवाल्या, हाज्जिर होऽऽ!" असं तीनदा, मध्ये नेमका एक श्वास सोडून. तिसऱ्या पुकाऱ्यालाही तिने मान वर केली नाही, तर ती गैरहजर आणि काका त्या दिवशी डाळीवर भागवणार.

छत्तीस वर्षं काका कोर्टात शिपाई होते. नावं पुकारणारे. निवृत्त झाल्यावर माणसं भजनाला लागतात, काकांनी सोसायटीचंच कोर्ट केलं. लिफ्ट बंद पडली की म्हणणार, "पुढची तारीख पडली." काकू जाऊन बरीच वर्षं झाली, म्हणून माझी बायको अधूनमधून वाटीभर काहीतरी वर पाठवते. शिरा चांगला झाला असेल तर काका "रेकॉर्डवर घेतला" एवढंच कळवतात. साखर कमी पडली असेल तर "निकाल राखून ठेवलाय."

"सरळ 'बरा झालाय' म्हणायला यांचं काय जातं?" बायको मला विचारते, जणू मीच सरकारी वकील.

टाळेबंदीत काकांचा भाव भलताच वधारला, कारण अख्ख्या बिल्डिंगला अचानक कायदा लागायला लागला. कमिटीने कामवाल्या बंद केल्या, तो ठराव चालतो का? दुकानाच्या जागेचा करार मधेच संपला तर काय? सासऱ्यांनी हॉस्पिटलातून फोनवर सांगितलेलं मृत्युपत्र धरतात का? लोक खाली अंगणात मास्क लावून उभे, काका वर गॅलरीत. उत्तर सगळ्यांना एकच: "आधी लेखी द्या. कोर्टात तोंडाला किंमत नाही." ज्यांचं घर छत्तीस वर्षं तोंडावर चाललं, त्यांनी हे सांगावं!

मी त्यांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तर पुढचं टळलं असतं.

माझा इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लग्नपत्रिका छापण्याचा छोटा कारखाना आहे. एका नवऱ्यामुलाच्या वडिलांनी दोनशे घरी पत्रिका वाटल्या होत्या आणि परवानगी उरली होती पन्नास माणसांची. मी म्हटलं, फोन करून सांगा ना. ते म्हणाले, "हळदकुंकू लावून दिलेलं बोलावणं फोनवर परत घेऊ? कोकणात तोंड दाखवायला जागा राहील का?" मला ते पटलं. मला बऱ्याच गोष्टी पटतात. गुपचूप गेलो, शटर अर्धं वर केलं आणि छापायला घेतलं: 'आपण न येता घरूनच शुभाशीर्वाद द्यावेत, ही आग्रहाची विनंती.'

हवालदार शटरखालून वाकून आत आला. त्याने एक पत्रिका नीट वाचली.

"म्हणजे लोकांना बाहेर पडू नका सांगायला तुम्ही बाहेर पडलात?"

सरकारी आदेश मोडल्याचं कलम लागलं, एकशे अठ्ठ्याऐंशी. पुढे ते मी विसरून गेलो. दोन वर्षांनी लेकीला मस्कतमध्ये दिवस गेले, तिच्या बाळंतपणाला जायचं ठरलं, तर माझ्या पासपोर्टचं नूतनीकरण अडकलं. माझ्यावर म्हणे फौजदारी केस होती. मी दुसरा संसार थाटलेला उघडकीस यावा, तसं बायकोने माझ्याकडे पाहिलं.

मी काकांकडे धावलो. "आरोपी सुधाकर महादेव राणे," ते म्हणाले, ते इतक्या मायेने की मला भरूनच आलं. टाळेबंदीच्या अशा केसेस सरकार मागे घेतंय, वकील अर्ज करेल, घाबरायचं नाही, असं त्यांनी समजावलं. वकील मिळाला. तरी पहिल्या तारखेला सकाळी आठला काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दारात. तुम्ही कशाला त्रास घेता म्हटलं, तर म्हणाले, "तू गप रव. थंय तुका कोण वळाखता?"

कोर्टात कुठल्या बाकावर पंख्याचा वारा येतो, साहेबांसमोर हात कुठे ठेवायचे, सगळं काकांनी मला शिकवलं. पहिल्या तारखेला अर्ज पोचला नव्हता. दुसऱ्या तारखेला फाईल दुसऱ्या टेबलावर. तिसऱ्या तारखेला साहेब रजेवर. लेकीचे दिवस भरत आले होते, मी वाळत चाललो होतो आणि काका प्रत्येक तारखेला जास्तच टवटवीत दिसत होते.

"काका, तुम्हाला मजा येतेय," मी शेवटी फटकन बोललो.

काकांनी दाराकडे मान वळवली. दारात नवा शिपाई मास्कच्या आतल्या आत कुणाचं तरी नाव पुटपुटत होता, त्याच्याकडे बघत राहिले.

"माझा शेवटचा दिवस टाळेबंदीत आला," ते म्हणाले. "कोर्ट जवळजवळ बंदच. ओळखपत्र गेटवरच्या ट्रेमध्ये टाकलं, घरी येऊन साबणाने हात धुतले. झाली निवृत्ती. शेवटचं नाव कुणाचं पुकारलं तेसुद्धा आठवत नाही रे. तेव्हा कुठे माहीत होतं, ते शेवटचं आहे म्हणून."

मी पंख्याखालची जागा त्यांना दिली.

चौथ्या तारखेला दोन मिनिटांत केस मागे घेतली गेली. साहेबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. इतका किरकोळ गुन्हेगार मी. बाहेर येऊन बायकोला फोन केला, ती रडली आणि लगेच तिकिटाचं विचारू लागली. काका पायऱ्यांवर रुमालाची घडी घालत उभे होते. घडी झाली, त्यांनी ती उघडली, पुन्हा घातली.

"सुटलास," ते म्हणाले. "आता इथे काही काम नाही."

आम्ही रिक्षापर्यंत आलो. मग मी म्हटलं, "काका, पासपोर्टवाल्यांना आदेशाची प्रमाणित प्रत लागेल ना?"

ते थबकले. "लागणार म्हणजे काय! अर्ज, मग तपासणी, मग शिक्का. चार खेपा कुठे गेल्या नाहीत." चेहरा उजळला, आणि तेवढ्यात त्यांनीच तो आवरला. "नको पण. तुझ्या पोरीचे दिवस भरलेत. वकिलालाच आणू दे, तो लवकर आणेल."

"ती पासपोर्टला," मी म्हटलं. "एक आपल्या घरी नको ठेवायला?"

काकांनी मागे वळून कोर्टाच्या इमारतीकडे पाहिलं. मग रिक्षात आधी मला बसवलं आणि माझ्या शेजारी टेकत म्हणाले, "घरच्या प्रतीला घाई नाही. तू मस्कतहून ये. मग आपण ती सावकाश काढू."