दोन सीटांची मोटार

किसनराव भालेराव माणसाकडं नंतर बघायचे, आधी त्याच्या यंत्राला कान लावायचे. खिशातून हातभर लांब स्क्रूड्रायव्हर काढायचा, टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानात धरायची आणि डोळे मिटून घ्यायचे. हातपंप असो, शिंप्याचं मशीन असो, लग्नातल्या मांडवातला जनरेटर असो. एकदा सरपंचांची म्हैस दोन दिवस बसून होती. किसनरावांनी तिच्याही पोटाला मूठ उलटी लावून ऐकलं आणि म्हणाले, "प्रेशर हाय, पर व्हॉल्व्ह अडाकलाय." म्हैस संध्याकाळी उठली. ती डॉक्टरच्या औषधानं उठली, पण गावात नाव किसनरावांचं झालं.

तिथूनच माझं पोट दुखायला लागलं असं म्हणता आलं असतं, पण खरं दुखणं त्याच्या आधीचं.

आमच्या भरे गावात माझी पिठाची गिरणी होती, डिझेल इंजिनावर चालणारी. आता आमच्या दारावरून हिंजवडीला जाणाऱ्या गाड्यांची रांग लागते. तेव्हा दिवसाला दोन एसट्या यायच्या आणि इंजिन म्हटलं की लोक माझ्याकडं बोट दाखवायचे. किसनराव लष्कराच्या वर्कशॉपातून फिटर म्हणून रिटायर होऊन गावी आले आणि दुसऱ्याच दिवशी गिरणीत हजर झाले. दळणाला आलेल्या चार बायांच्या समोर माझ्या इंजिनाला स्क्रूड्रायव्हर लावून म्हणाले, "अण्णा, हिचं बेअरिंग रडतंय."

मी म्हणालो, दहा वर्षं ते असंच वाजतंय.

"व्हय. धा वर्सं रडतंय," ते म्हणाले. "लोखंड खोटं बोलत न्हाई."

महिन्याभरात बेअरिंग तुटलं. मी पुण्याहून माणूस आणून बसवून घेतलं, पण किसनरावांना बोलावलं नाही. ते मात्र रोज यायचे. गिरणीच्या पायरीवर बसायचे, इंजिन ऐकायचे, जायचे. हा माणूस माझ्या चुका मोजायला येतो, अशी माझी खात्री झाली होती.

मग त्यांनी मोटार बनवायला घेतली.

ओढ्यापलीकडच्या बौद्धवस्तीत त्यांचं घर होतं. अंगणात चिंच होती. त्या चिंचेखाली त्यांनी पाइप आणि अँगल जोडून सांगाडा उभा केला. नकाशा घराच्या भिंतीवर कोळशानं काढलेला. पत्रा तेलाच्या पिंपांचा. आणि इंजिन? कासार आंबोलीच्या वाटेवर एका पुणेकराचा बंगला होता. त्याच्या मोटारीला मागून ट्रकनं ठोकलं होतं. मागचा भाग गेला, पुढचं इंजिन शाबूत. दोन वर्षं ती गाडी शेडमध्ये गंजत पडली होती. किसनरावांनी बंगल्याच्या विहिरीवरचा पंप नीट करून दिला आणि बदल्यात इंजिन, गिअरबॉक्स आणि चाकं मागितली. बैलगाडीतून त्यांची वरात निघाली ती नेमकी माझ्या गिरणीवरून. लोक दळण टाकून मागे गेले. पाळीत शेवटची असलेली म्हातारीसुद्धा गेली.

पण ते इंजिन लांबलचक गाडीचं, आणि सांगाडा आखूड. इंजिन खाली सोडावं तर गिअरबॉक्स आडव्या पाइपाला अडे. वर उचलायचं, पाइप कापायचा, परत सोडायचं. मग धुराची नळी स्टिअरिंगच्या दांड्याला भिडे. पुन्हा वर. मग रेडिएटर बॉनेटच्या वर डोकं काढून बघे. दर वेळी दीड-दोन माणसांचं वजन अलगद उचलून अलगद सोडायचं काम. त्याला साखळीची कप्पी लागते. अख्ख्या शिवारात कप्पी एकाकडेच होती. माझ्याकडे.

किसनराव मागायला आले. मी सांगितलं, कप्पी सासुरवाडीला दिलीय, विहिरीच्या कामाला. कप्पी माझ्या पाठीमागे तुळईला लटकत होती, वर गोणपाट टाकलेलं. ते मान हलवून गेले.

मग त्यांनी चिंचेच्या फांदीला दोर बांधले. दोर ओढायला चार माणसं लागत, आणि ती मोकळी सापडत ती महिन्या-पंधरवड्यातून एकदा. म्हणजे एक पाइप कापला की पंधरा दिवस थांबा. एकदा दोर सुटला आणि इंजिन घसरून किसनरावांच्या डाव्या हाताच्या बोटावर आलं. नख गेलं, पेर चेपलं. मी बघायला गेलो नाही. माझी बायको दूध घेऊन गेली आणि परत येऊन म्हणाली, गाडी लई देखणी हुतीया. त्या रात्री मला भाकरी गोड लागली नाही.

माझा जळफळाट आणखी एका गोष्टीनं व्हायचा. आमच्या आळीतली माणसं एरवी ओढा ओलांडून त्या वस्तीत मयतालासुद्धा जात नसत. आता इंजिन बघायला जाऊन, किसनरावांच्या ओट्यावर चहा पिऊन येऊ लागली. त्याचं बरं वाटायला हवं होतं. मला एवढंच दिसत होतं, की माझ्या गिरणीची पायरी ओस पडली.

मी सगळ्यांना सांगत होतो, हे इंजिन सुरू होणार नाही. एका सकाळी ते झालं. आवाज ओढ्यावरून गिरणीपर्यंत आला. नीट ऐकू यावं म्हणून मी माझं इंजिन बंद केलं. कुठंतरी एक ठोका चुकेल म्हणून कान देऊन उभा राहिलो. एकही चुकला नाही.

मोटारीला कागदपत्रं मिळेनात. घरी केलेल्या गाडीला नंबर कसा द्यायचा, हे पुण्याच्या कचेरीत कोणाला ठरवता येईना. मला जरा समाधान वाटलं. डांबरी रस्त्यावर येता येणार नाही, बैलगाडीच्या वाटेनं फिरा म्हणावं.

आठवड्याभरात किसनराव धुतलेलं धोतर, पांढरी टोपी अशा थाटात मोटार घेऊन गिरणीच्या दारात उभे राहिले. म्हणाले, "अण्णा, चला. कासार आंबोलीला जायचंय. एकट्याच्यानं हुनार न्हाई."

मिरवायला नेतोय, हे मी ओळखलं. पण लोक बघत होते, नाही म्हणणं शोभलं नसतं. मी बसलो. गिअरचा दांडा दोन सीटांच्या मधून, माझ्या गुडघ्याला घासत वर आला होता. शिवारातून गाडी निघाली आणि थोडं पुढं गेल्यावर किसनराव स्वतःहून बोलायला लागले.

त्यांची बायको शेवंताबाई अकरा वर्षं माहेरी, भावाकडे होती. ती निघून गेली हे गावाला ठाऊक होतं, आणि का गेली याच्या चार कहाण्या गावानं रचल्या होत्या. त्यातली एक मीही रचली होती. किसनरावांनी साधी गोष्ट सांगितली. नोकरीच्या काळात ते पंधरा दिवसांतून एकदा घरी यायचे आणि त्या दिवशीही कोणाचा तरी पंप उघडून बसायचे. एका रविवारी ती गाठोडं घेऊन निघाली. जाताना म्हणाली, न्यायला याल तर मोटार घेऊन या, नाहीतर येऊ नका.

मी म्हणालो, रागात बोलली असेल.

"रागात बोलली म्हनून काय झालं," किसनराव म्हणाले. "बोलली ना?"

मग ते आपणहून म्हणाले, अगदी सरळ आवाजात, की तुमची कप्पी मला गोणपाटाखाली दिसली होती. "तुमी दिली असती तर चार म्हैनं आदी गेलो असतो तिच्याकडं." त्यात राग नव्हता. पाइप किती कापला हे सांगावं तसं सांगितलं. मी गुडघा गिअरच्या दांड्यापासून लांब घेतला. थोड्या वेळानं ते म्हणाले, गावात इंजिनावर बोलावं असं तुमच्याशिवाय कोण आहे, म्हणून तर रोज पायरीवर येऊन बसत होतो.

शेवंताबाई भावाच्या अंगणात तांदूळ निवडत होत्या. त्या उठल्या. मोटारीभोवती एक फेरी मारली. मी बसलो होतो त्या डाव्या सीटच्या कडेवर तळवा दाबून बघितला आणि विचारलं, "ही एक उंच का?"

"तुजं गुडगं दुखत्यात म्हनं," किसनराव म्हणाले. "तुजा भाऊ बोलला हुता. चढाउतराया सोपं."

त्या आत गेल्या. बऱ्याच वेळानं गाठोडं घेऊन आल्या. तोवर किसनरावांनी इंजिन बंद केलं नाही, परत सुरू झालं नाही तर काय, या धास्तीनं. त्या गाडीशी आल्या आणि माझ्याकडं बघत उभ्या राहिल्या. सीटा दोनच होत्या. मी उतरलो.

गावापर्यंतची वाट पायी. मी भात-खाचरांच्या बांधावरून निघालो. अर्ध्या वाटेवर ओढ्याच्या चढाला मोटार बंद पडून उभी दिसली. किसनराव खाली उतरले होते. शेवंताबाई डोक्यावर पदर घेऊन सरळ समोर बघत बसल्या होत्या. त्या उतरणार नाहीत, हे लांबूनही कळत होतं.

"अण्णा, जरा हात लावा," किसनराव म्हणाले आणि परत आत जाऊन बसले.

दीड वर्ष जी गाडी चालू नये म्हणून मी देवाला सांगत होतो, तिला मी दोन्ही हातांनी, खांदा लावून ढकललं. चढ संपताना इंजिननं पकड घेतली. काळा धूर माझ्या सदऱ्यावर आला आणि गाडी गेली. दोघांनीही मागं बघितलं नाही. त्यांना बघायचं भान नसावं.

घरी पोचलो तेव्हा बायको चुलीपुढं भाकरी थापत होती. मी हातपाय धुतले, भिंतीला टेकून बसलो आणि तिला विचारलं, तुला कधी कुठं जावंसं वाटतं का.

तिनं वर न बघता भाकरी तव्यावर टाकली.

"वाटायचं," ती म्हणाली. "आदी."