सॅम्युअलकाकांची हिरवी झेंडी

आमची रविवारची प्रार्थना शिट्टीने सुरू होते. सॅम्युअलकाका दारात उभे राहून घड्याळ बघतात, शिट्टी फुंकतात आणि हिरवी झेंडी हलवतात. मग टावर चौकामागच्या त्यांच्या पुढच्या खोलीत आम्ही दहा-बाराजण गाणं म्हणायला लागतो. काका मालगाडीचे गार्ड होते. नोकरी संपली, झेंड्या राहिल्या.

आमच्याकडे पास्टर नाही. "प्रभूच्या गाडीत फर्स्ट क्लास नसतो. ज्याची पाळी, त्याने उभं राहायचं," असं काका म्हणतात. सगळ्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या एका डब्यात असतात. ज्याची निघेल त्याने सगळ्यांसाठी मोठ्याने प्रार्थना करायची. लांबली की लाल झेंडी.

बँकेतले जोसेफभाऊ एकदा प्रार्थना करता करता मेव्हण्याची तक्रार सांगायला लागले. लगेच लाल झेंडी.

"भई, गाडी साइडिंगला गेली. मेन लाइनवर या!"

"काका, देव ऐकतोय. तुम्हाला कसली जल्दी?"

"देवाला वेळ आहे हो. पोहे गार होताहेत."

मी चौथी शिकलेली. माझं नाव निघालं की पोहे बघायला म्हणून स्वयंपाकघरात पळायचे. "सुमनताई, आउटर सिग्नलला किती दिवस उभ्या राहणार?" काका ओरडायचे. पण माझी चिठ्ठी परत टाकून दुसरी काढायचे.

सगळ्यांत जास्त वेळा लाल झेंडी त्यांनी रूथकाकूंना, म्हणजे स्वतःच्या बायकोला, दाखवली. काकूंच्या प्रार्थनेत सगळी गल्ली यायची, दूधवाल्याची आजारी म्हैससुद्धा. "रूथ, पॅसेंजर नको, एक्सप्रेस चालव!" काका म्हणायचे. काकू डोळे न उघडता म्हणायच्या, "गप्प बसा. मी तुमच्याशी बोलत नाहीये." आणि झेंडीला न जुमानता शेवटी ठरलेलं वाक्य म्हणायच्याच, "आणि आमच्या गार्डला सांभाळ."

गेल्या पावसाळ्यात काकू गेल्या.

परवाच्या रविवारी काकांनी चिठ्ठी काढली, उघडली आणि बघतच राहिले. जोसेफभाऊंनी डोकावून पाहिलं. रूथ. काकू गेल्यावरही ती चिठ्ठी काकांनी डब्यातून काढून टाकली नव्हती.

"दुसरी काढू का, काका?"

"नाही. पाळी म्हणजे पाळी."

काकू बसायच्या त्या वेताच्या रिकाम्या मोड्याकडे तोंड करून त्यांनी हिरवी झेंडी वर धरली. सगळे खाली बघत बसले. काकांचा हात खाली येईना. पोहे आतच होते. मी दाराकडे पाहिलं आणि उठले, पण आत गेले नाही.

"प्रभू," मी म्हणाले, "रूथकाकूंची पाळी मी घेते."

पुढे काय बोलायचं ते कळेना. मग काकू घ्यायच्या तीच नावं घेतली. गल्ली, जोसेफभाऊंचा मेव्हणा, दूधवाल्याची म्हैस. ती आता बरी आहे, तरी घेतली. मध्येच चुकले, परत गल्लीपासून सुरू केलं. बरंच लांबलं. लाल झेंडी काही दिसली नाही. ती काकांच्या काखेत गुंडाळलेलीच होती.

मी थांबले. हिरवी अजून वरच.

"काका, पोहे गार झाले," जोसेफभाऊ हळूच म्हणाले.

"होऊ द्या," काका म्हणाले. "तिचं शेवटचं स्टेशन राहिलंय."

मी पुन्हा डोळे मिटले.

"आणि आमच्या गार्डला सांभाळ."

डोळे उघडले तेव्हा झेंडी खाली आली होती. काका तिच्याच टोकाने चष्मा पुसत होते.