मासळी मंडईतली लाल रेघ

समता ही माणसाची मूलभूत गरज असून ती आजवर प्रस्थापित झाली नाही याचं कारण एवढंच, की ती मोजायचं यंत्र बाजारात आलं नव्हतं. ते दोन हजार सहाच्या सुमारास आलं आणि त्याचा पहिला सार्वजनिक वापर सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या एका मासळी मंडईत झाला. (गावाचं नाव देत नाही. विजयदुर्गापासून खाली मालवणपर्यंत चार-पाच गावं हा मान आपलाच म्हणून सांगतात. त्यांच्यात भांडण लावून आम्हाला काय मिळणार?)

जुनी मंडई म्हणजे खाडीकडे उतरत गेलेला जांभ्या दगडाच्या चिऱ्यांचा ओटा. त्यावर मासेवाल्या बायका मानाप्रमाणे वरून खाली बसत. सासू थकली की तिच्या जागेवर सून बसे, आणि त्या जागेवरून हलवायची सरपंचाचीही छाती नव्हती. सगळ्यात वर राधाबाई. सगळ्यात खाली, गटाराच्या तोंडाशी, मथुरा. मथुरेच्या घरातून पाटी घेऊन बसणारी ती पहिलीच, त्यामुळे तिला वारशाची जागा नव्हती, उरलेली होती. वर कापलेल्या प्रत्येक सुरमईचं पाणी, वितळलेला बर्फ, खवले आणि आतडी हे सगळं मानाचे टप्पे शिस्तीत उतरत तिच्या पाटीखालून गटारात जाई.

गिऱ्हाईक वरून सुरुवात करी आणि चपलेला पाणी लागलं की थांबे. मथुरेपर्यंत पोचत ती फक्त मांजरं आणि वाट चुकलेले पर्यटक. तिचे बांगडे आणि राधाबाईचे बांगडे एकाच होडीतले, एकाच जाळ्यातले. तरी दुपारी राधाबाईची पाटी रिकामी आणि मथुरेची अर्धी भरलेली. घरी जाताना तिला रडू येई. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं, आणि कोणी विचारलंही नव्हतं.

अशात नवी मंडई मंजूर झाली. वर पत्रे, खाली टाइल्स, कोपऱ्यात नळ (पाण्याची तरतूद पुढच्या टप्प्यात). नकाशा घेऊन कौस्तुभ नावाचे तरुण इंजिनीअर आले आणि ग्रामसभेत म्हणाले, "फरशीला थोडा ढाळ ठेवावा लागेल. नाहीतर पाणी जाणार कुठे?"

यावर राधाबाईने एकच प्रश्न विचारला. "ढाळ खंयच्या अंगाक?"

ढाळ ठेवायचा म्हणजे एक बाजू खाली येणार, आणि त्या बाजूला कोणीतरी बसणार. उत्तरेकडच्या बायका दक्षिणेकडे बोट दाखवू लागल्या, दक्षिणेकडच्या उत्तरेकडे. कौस्तुभने घाम पुसत सुचवलं, की दोन्हीकडून मधल्या वाटेवर ढाळ देऊ. सरपंच दत्ताराम यांनी ते तत्काळ फेटाळलं. मधल्या वाटेवर गिऱ्हाईक उभं राहतं. शिवाय विकणाऱ्यांपेक्षा खाणाऱ्यांची मतं जास्त असतात. (हे दुसरं वाक्य इतिवृत्तात नाही.)

तेव्हा मथुरा उठली. आयुष्यात पहिल्यांदाच ती सभेत बोलत होती. "ढाळ नकोच," ती म्हणाली. "सगळी जमीन सारखी करा. माझ्या पायाकडसून आजून किती जणींचा पाणी जावचा?"

टाळ्या पडल्या. राधाबाईनेही वाजवल्या, कारण खालच्या अंगाला जाण्यापेक्षा सारखं असणं बरं. कौस्तुभने हात जोडले, लेखी हरकत नोंदवली आणि आदेशाप्रमाणे गोव्याहून लेझर लेव्हल मागवली.

यंत्र तिपाईवर ठेवलं, खिडक्यांना ताडपत्र्या लावून काळोख केला, आणि चारही भिंतींवर एक लाल रेघ फिरली. बायका आत येऊन बघत राहिल्या. एकीने तर हात जोडले. भिकाजी गवंडी त्या रेघेपासून खाली माप घेत एकेक लादी बसवत गेला. मथुरा रोज येऊन तिच्या कोपऱ्यात रेघ नीट पडली का ते बघून जाई. एकदा रेघ जराशी खाली वाटली म्हणून तिने काम थांबवलं. तपासणीअंती तिपाईला मांजर धडकल्याचं निष्पन्न झालं.

उद्घाटन झालं. पाहुण्यांनी फरशीवर गोटी ठेवली, ती जागची हलली नाही, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी सुरमई कापली गेली आणि पाणीही जागचं हललं नाही.

ते कुठेच गेलं नाही. राधाबाईकडे दोन बोटं, मथुरेकडे दोन बोटं, मधे सगळीकडे दोन बोटं. संध्याकाळी खराट्याने ढकलावं तर ते फिरून येऊन पुन्हा सगळ्यांना सारखं वाटलं जाई. एवढं न्याय्य वाटप तालुक्यात आजवर झालं नव्हतं. मथुरा मात्र खूश होती. राधाबाईच्या लुगड्याचा काठ भिजलेला बघून तिला जेवणही गोड लागू लागलं.

मग राधाबाईने घरून एक चिरा आणला आणि त्यावर बसली. चार दिवसांत सगळ्यांनी चिरे आणले, तर राधाबाईने दोन केले. प्रकरण ग्रामपंचायतीच्या मंडई समितीकडे गेलं. समितीने ठरवलं, की जमीन सारखी आहे, तेव्हा मूळ प्रश्न सुटलेलाच आहे. चिऱ्यांची उंची ही निव्वळ तांत्रिक बाब असून ती परंपरेप्रमाणे असावी. राधाबाईला दोन, मधल्यांना एक, आणि मथुरेला, परंपराच नसल्यामुळे, एकही नाही. कोणी चोरून उंच होऊ नये म्हणून महिन्यातून एकदा लेझर लावून तपासणी सुरू झाली. लाल रेघ राधाबाईच्या कमरेवरून जाई आणि मथुरेच्या डोळ्यांत. तपासणी होईपर्यंत तिने डोळे मिटावेत, अशी सूचना काढण्यात आली.

पुढे राधाबाई खारेपाटणला भाचीच्या लग्नाला गेली. सकाळी मथुरेने पाटी उचलली आणि सरळ जाऊन त्या दोन चिऱ्यांवर बसली. गिऱ्हाइकं आली ती थेट तिच्याकडे. "आज बांगडे काय ताजे आसत गो!" असं जो तो म्हणत होता. नऊच्या आत पाटी रिकामी झाली. रिकाम्या पाटीकडे ती बराच वेळ बघत बसली.

दुसऱ्या दिवशी राधाबाई परतली. "ऊठ गो," ती म्हणाली.

"मी कित्याक उठू? जमीन सगळी सारखीच आसा. मशिनान सांगितला."

समिती बसली. यंत्र आलं, रेघ फिरली, जमीन तंतोतंत सारखी निघाली. अर्थात अन्याय झाल्याचा पुरावा नसल्याने तक्रार निकाली काढण्यात आली. राधाबाई खाली पाण्यात पाटी घेऊन बसली. वरून मथुरेला तिच्या डोक्याचा पांढरा झालेला भांग दिसला. जरा सरकून म्हातारीला जागा द्यावी असं तिच्या अगदी मनात आलं होतं. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

ते गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही. त्या दिवशीही दोघींचे बांगडे एकाच होडीतले होते. तुम्ही पँट दुमडलीत, राधाबाईची पाटी ओलांडलीत, वर बसलेल्या मथुरेकडून डझनभर बांगडे घेतलेत, आणि बाहेर पडताना म्हणालात, की फरशीला थोडा ढाळ हवा होता, खाली बसणाऱ्या बायकांचे हाल बघवत नाहीत.