लंबगोलात न बसणारा हात

ज्या आठवणीचे कोपरे गोल केलेले नाहीत, ती आठवण टिकत नाही. हे सत्य मला वयाच्या शहात्तराव्या वर्षी देवळीच्या समाजमंदिरात, पंख्याखाली बसून कळलं. तोपर्यंत मी आठवणी नुसत्याच आठवत होते. किती वर्षं वाया गेली!

महिलांसाठी तीन दिवसांचा 'स्क्रॅपबुक प्रारंभिक वर्ग' भरला होता. लहानपणी आम्ही याला चिकटवही म्हणायचो. कणकेची खळ करायची, काडेपेटीवरची चित्रं चिकटवायची आणि पावसाळ्यात ती झुरळांनी खायची. आता झुरळांवर विसंबून भागत नाही. आता तयार संच मिळतो. संचात पुढील साहित्य असतं: छापील मथळ्यांची जाड पानं बारा, दोन्हीकडून चिकटणारी पट्टी एक, कोपरे गोल करायचं यंत्र एक, फोटो लंबगोल कापायचं यंत्र एक, चिकटचित्रं चौसष्ट (पैकी नारळाची झाडं अकरा, कुत्री नऊ, विमानं सहा, गाय शून्य) आणि कात्रणं टाकायला कागदी पिशवी. पिशवीवर वळणदार अक्षरात 'कचरा' असं छापलेलं असतं, म्हणजे गैरसमज नको.

मथळे असे: 'आमचा समुद्रकिनारा', 'माझा लाडका कुत्रा', 'आमची पहिली परदेश सहल'. काय आठवायचं हे कारखान्यातच ठरलेलं असल्यामुळे डोक्याला ताण पडत नाही. आमच्या वयाला डॉक्टरही हेच सांगतात.

शिकवायला वर्ध्याहून मेघा नावाची मुलगी यायची. पोरगी गोड आणि तळमळीची. पहिल्याच दिवशी तिनं सूत्र दिलं: एक पान, एक चेहरा, एक भावना. आम्ही बावीस जणींनी ते वहीत उतरवून घेतलं. मग फोटोंची मोजदाद झाली. एकूण फोटो एकशे त्रेचाळीस. त्यात मधोमध बाई असलेले नऊ. पैकी सहा लग्नातले (मुंडावळ्यांमुळे चेहरा दिसत नाही) आणि तीन सरकारी कार्डासाठी काढलेले (चेहरा दिसतो, पण ओळखू येत नाही). बाकी फोटोंत मधोमध नवरे, मुलगे, एक ट्रॅक्टर आणि बैलजोडी. लंबगोलाला मधोमध असलेलं आवडतं, त्यामुळे काम झपाट्यानं पुढे गेलं.

अडचण फक्त माझ्या फोटोची होती.

तो एकोणीसशे चौपन्नचा, देवळीच्या बाजारातला. फोटोवाल्यानं मागे तळं आणि दोन बदकं रंगवलेला पडदा लावला होता. माझा भाऊ हरिदास वर्षाचा, त्याला टेबलावर बसवलं की तो कलंडायचा. म्हणून आई टेबलामागे चादरीआड उकिडवी बसली आणि तिथून हात काढून तिनं त्याची कंबर धरून ठेवली. फोटोत हरिदास आहे, बदकं आहेत, डाव्या कडेला माझी अर्धी वेणी आहे, आणि हरिदासच्या कमरेवर आईची चार बोटं आणि दोन बांगड्या आहेत.

आईचा दुसरा फोटो नाही. मी अकरा वर्षांची असताना ती गेली. तिचा चेहरा मला आठवतो, असं मी सगळ्यांना सांगते. वर्गात नाव घातलं ते एवढ्यासाठीच, की ही चार बोटं एखाद्या बऱ्या वहीत लावून खाली नाव लिहून ठेवावं. माझ्यामागे ती कोणाची, हे सांगायला कोणी उरणार नाही.

"काकू, बाळ मस्त आहे!" मेघा म्हणाली. "पण हे मधेच काय आलं?"

"माही माय."

"कुठे?"

"हे काय, बोटं."

मेघानं फोटो डोळ्यांजवळ नेला. "काकू, लंबगोल बाळाच्या गळ्यापर्यंत येते. बोटं खालीच राहतात. अन् तशीही ती थोडी डिस्टर्ब करून राह्यली."

मी नाही म्हटलं. प्रगतिपत्रकात नोंद झाली: 'क्रमांक सतरा: लंबगोलास तयारी नाही.'

तिसऱ्या दिवशी मी चहाला उठले. माझं एक पान अपुरं असल्यानं प्रमाणपत्र हुकेल, या निव्वळ काळजीपोटी मेघानं तेवढ्यात यंत्र दाबलं. मी परतले तर हरिदास लंबगोलात हसत होता. उजवीकडे नारळ, डावीकडे नारळ, खाली कुत्रा.

"बघा काकू, किती क्लीन!"

खरंच स्वच्छ झालं होतं. "बाकीचं कुठं हाय?" मी विचारलं.

"पिशवीत."

बावीस पिशव्या एका पोत्यात रिकाम्या झाल्या होत्या. मी पोतं सतरंजीवर उलटं केलं आणि बसले. शेजारची आनंदाबाई गुडघे धरत आली.

"काऊन वं अनुसया, रडून राह्यली का?"

"नाई. शोधून राह्यली."

"काय?"

"माय."

आनंदाबाई खाली बसली, दोन-चार तुकडे चाळले आणि ओरडली, "अवं, हे पाय माह्या सासूचे!"

"पायावरून कशी वळखली?"

"तीस वर्सं दाबले मी. हा अंगठा इसरन का?"

मग सगळ्याच जमल्या. सतरंजीवर मिळालेल्या मालाची यादी: हातांची कोपरं चौदा, पदर नऊ, ताट धरलेले हात पाच, उन्हानं मिचकावलेला एक डोळा आणि एक अख्खी बाई (ती ट्रॅक्टरमागे उभी राहिली होती). पंधरा मिनिटांत बहुतेक सगळ्यांचे वारस सापडले. एका पदरावर तिघींनी हक्क सांगितला. तिघींच्याही आया तसलंच लुगडं नेसायच्या, म्हणून त्याचे तीन भाग केले. माझी बोटं सगळ्यात तळाशी होती, बांगड्यांसकट.

आता लावायची कुठे? सगळ्या वह्यांत एकच पान कोरं राहिलं होतं: 'आमची पहिली परदेश सहल'. आई जन्मात पुलगावच्या पलीकडे गेली नव्हती. मी तिथे बोटं चिकटवली, वर एक विमान लावलं आणि खाली नाव लिहिलं, सोनाबाई. शेजारी आनंदाबाईनं आपल्या वहीत सासूचे पाय चिकटवले. "जाय म्हातारे, ये फिरून," ती म्हणाली, "आता कोनी दाबून देनार नाई."

मेघानं बावीस वह्या तपासल्या. नियमाप्रमाणे बावीस वेळा शेरा लिहिला: 'मथळा व चित्र जुळत नाही.' मग खुर्चीवर बसून तिनं स्वतःचा मोबाइल काढला. त्यात नऊ हजार फोटो आहेत, हे तिनंच पहिल्या दिवशी अभिमानानं सांगितलं होतं. बराच वेळ ती बोटानं खाली-वर, खाली-वर करत राहिली. चहा गार झाला. एकदा तिनं कुठल्यातरी वाढदिवसाचा फोटो मोठा करून त्याची कड बघितली आणि पुन्हा लहान केला.

हा संच घ्यावा का, असं हल्ली बायाबाप्ये मला विचारतात. मी सांगते, घेऊ नका. आधी मोबाइल उघडा आणि त्यात आपली आई शोधा. पोळ्या वाढताना मागे पुसट आलेली धरा. "माझा नको, पोरांचा काढ" म्हणत हात आडवा केलेली धरा. सगळ्यांचा फोटो जिनं काढला, तिची जमिनीवर पडलेली सावलीही धरा. सगळी मिळून किती झाली ते मोजा. लंबगोल कापायचं यंत्र विकत घ्यायची तुम्हाला गरज नाही, हे तुमच्याच लक्षात येईल.