उशीएवढा ढग

"अख्ख्या शहराची हवा मी एका दिवसात धुऊन देतो!" असं मी भर बैठकीत ठणकावलं, तेव्हा मोठे साहेब इतके खूश झाले की त्यांनी स्वतःचं बिस्कीट मला दिलं. महापालिकेच्या हवा विभागात मी अधिकारी. योजना सोपी : विमान ढगात शिरणार, मिठाची नळकांडी पेटवून सोडणार, पाऊस पडणार, धूर-धूळ खाली बसणार. घरी सासूबाई खोकून खोकून अर्ध्या झाल्या होत्या. त्यांच्यापुढे जावयाची कॉलर ताठ होणार, तो फायदा वेगळाच!

ठरल्या दिवशी कचेरीच्या गच्चीवर मी वायरलेस घेऊन उभा. खाली आवारात साहेब पांढऱ्याशुभ्र सफारीत वार्ताहरांना मुलाखत देत होते. आभाळात ढग मात्र एकच, तोही उशीएवढा!

"साहेब, हा सटकतोय!" वैमानिक ओरडला.

"मागे लागा! पण मी सांगेपर्यंत काही सोडू नका!"

तेवढ्यात मोबाइल वाजला. बायको!

"अहो, आईनं पडदे धुवायला काढलेत. ऐकतच नाही. काढलेले परत खिडक्यांवर सोडू का?"

"अगं, सोड!"

"सगळे?"

"सगळं सोड! एकदम सोड!"

वायरलेसच्या बटणावरचा अंगठा उचलायचा राहूनच गेला होता. उचलला, तर वैमानिकाचा आवाज : "सगळी सोडली, साहेब! तुम्ही मला 'अगं' म्हणालात तेव्हाच ओळखलं, वेळ आणीबाणीची आहे!"

ढग नेमका आमच्याच डोक्यावर होता. पाऊस पडला, पण पाणी कमी आणि काजळी जास्त. बघता बघता साहेबांच्या सफारीचा टीपकागद झाला!

नोकरी गेली, असं म्हणत मी धावत खाली आलो. पण साहेब फाटकाजवळच्या हवा मोजायच्या यंत्राकडे डोळे फाडून बघत होते. आकडा होता शून्य!

"शून्य प्रदूषण!" साहेबांनी मला मिठीच मारली. माझाही शर्ट काळा झाला. टाळ्यांचा कडकडाट!

"दोघं यंत्राशेजारी उभे राहा," छायाचित्रकार म्हणाला. "आणि ती हवा ओढायची जाळी चिखलानं गच्च भरलीय, फोटोत बरी दिसत नाही. जरा पुसता का?"

मी रुमाल काढून ती लख्ख घासली. यंत्रानं घर्रर्र करून मोठ्ठा श्वास घेतला, आणि आकडा उडाला तो थेट चारशेवर!

फोटो निघायचा होता, म्हणून साहेब हसतच होते. हसता हसता दातांतून एवढंच म्हणाले, "तुम्हाला पुसायला कुणी सांगितलं होतं?"

"छायाचित्रकारानं," मी म्हणालो. आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला ते चांगलं उत्तर वाटलं होतं!